युद्धाच्या आधी उभी करायची फळी: होमगार्ड, नागरी संरक्षण आणि प्रादेशिक सेना, सोप्या भाषेत

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय गृहमंत्रालयानं देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत ७ तारखेला सराव घ्यायला सांगितलं. महाराष्ट्राच्या यादीत मुंबई, उरण, तारापूर, पुणे, नाशिक, मनमाड यांच्याबरोबर भुसावळचंही नाव होतं. एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा सराव १९७१ नंतर झालेला नव्हता, त्यामुळे आज पन्नाशीच्या आत असलेल्या कुणालाच त्याची आठवण असण्याचं कारण नाही. त्यात ७ च्या पहाटेच ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. सराव कुठला आणि खरी लढाई कुठली, हे लोकांच्या डोक्यात पार मिसळून गेलं. अमळनेरच्या एका मावशींनी घाबरून फोन केला होता, "काय रे भो, लढाई लागनी का? भुसावळमा भोंगा वाजाडी राहिनात म्हने!"

त्यांची भीती समजण्यासारखी होती, कारण आपल्याला हे कधी कुणी नीट सांगितलेलंच नाही. भोंगा वाजवणारी माणसं कोण, खाकीतला होमगार्ड पोलीस असतो की सैनिक, लढाई लागली तर त्याला सीमेवर पाठवतात का, आणि बारा-चौदा लाखांचं खडं सैन्य असताना या स्वयंसेवकांची गरजच काय? हे प्रश्न खान्देशात, त्यातही भुसावळ-वरणगावच्या पट्ट्यात, प्रत्येक घराला लागू आहेत. म्हणून सुरुवातीपासून समजून घेऊ.

## आधी नावं सुटी करू

सगळ्यात जास्त गोंधळ नावांचा आहे. आपल्याकडे या कामाच्या चार वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. त्यांचे कायदे वेगळे आणि त्यांना हुकूम देणारेही वेगळे.

प्रादेशिक सेना, म्हणजेच टेरिटोरियल आर्मी, ही थेट सैन्याचा भाग आहे. १९४८ च्या कायद्यानं ती स्थापन झाली आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. अठरा ते बेचाळीस वयाचा, स्वतःचा कामधंदा असलेला माणूस तिच्यात जातो, दरवर्षी ठरलेला काळ प्रशिक्षण घेतो, पुन्हा आपल्या कामावर येतो आणि बोलावणं आलं की वर्दी चढवतो. महेंद्रसिंग धोनीला मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला तो याच सेनेत. महाराष्ट्रात कोल्हापूरची १०९ आणि पुण्याची १०१ या मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक पलटणी आहेत. मे २०२५ मध्येच संरक्षण मंत्रालयानं लष्करप्रमुखांना या सेनेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला गरजेप्रमाणे बोलावण्याचा अधिकार दिला. तिच्या ३२ पायदळ पलटणींपैकी १४ कामावर घेण्याची तरतूद त्या आदेशात होती.

होमगार्ड राज्य सरकारच्या गृहखात्याखाली येतात. ते पोलिसांना मदत करणारं स्वयंसेवी दल आहे. कर्तव्यावर असताना होमगार्डला पोलिसाइतकेच अधिकार आणि पोलिसाइतकंच कायद्याचं संरक्षण असतं. कर्तव्य संपलं की तो पुन्हा दुकानदार, शेतकरी, रिक्षाचालक किंवा शिवणकाम करणारी ताई असतो.

नागरी संरक्षण दल १९६८ च्या कायद्यानं चालतं. त्याच्या हाती शस्त्र नसतं. हवाई हल्ल्याचा इशारा देणं, दिवे घालवून घेणं, आग विझवणं, ढिगाऱ्यातून माणसं काढणं, जखमींना दवाखान्यात पोचवणं ही त्याची कामं. जिल्हाधिकारी हेच जिल्ह्याचे नागरी संरक्षण नियंत्रक असतात. २००९ च्या दुरुस्तीनं पूर आणि भूकंपासारख्या आपत्तीही या कायद्याच्या कक्षेत आल्या.

चौथी यंत्रणा एनसीसी. कॅडेटला लढाईवर पाठवता येत नाही, पण मागच्या युद्धांत त्यांनी मोलाची कामं केलेली आहेत. त्याबद्दल पुढे येईलच.

या चारही मिळून जे उभं राहतं त्याला मी लेखभर 'दुसरी फळी' म्हणणार आहे.

## सीमेवर सैन्य आहे, मग मागे माणसं कशाला?

सीमेवरच्या एका तोफेला रोज गोळे लागतात. ते गोळे कुठल्या तरी कारखान्यात बनतात, पेट्यांत भरले जातात, रेल्वेच्या डब्यात चढतात, कुठल्या तरी पुलावरून नदी ओलांडतात, डेपोत उतरतात आणि तिथून ट्रकनं पुढे जातात. ही साखळी शेकडो किलोमीटर लांब असते. तिच्यावरच्या प्रत्येक पुलाला आणि प्रत्येक डेपोला लढाऊ सैनिक पहाऱ्यावर ठेवायचा म्हटलं, तर पुढे लढायला माणूस उरणार नाही. आणि शत्रूला समोरच्या पलटणीशी झुंजण्यापेक्षा मागचा एक पूल उडवणं सोपं आणि स्वस्त पडतं.

आता भुसावळकडे बघा. मुंबईहून चाळीसगाव-जळगावमार्गे येणारी आणि सुरतेहून नंदुरबार-अमळनेरमार्गे येणारी अशा दोन्ही वाटांची वाहतूक इथे पोचते. पुढे एक फाटा खंडवा-इटारसीकडून उत्तरेला जातो, दुसरा अकोला-नागपूरकडे. उत्तरेच्या फाट्यावर गाडी शहर सोडते न सोडते तोच तापीचा पूल लागतो. शहरालगत १९४९ पासूनची आयुध निर्माणी आहे. जवळच वरणगावला १९६४ पासून बंदुकीची काडतुसं बनतात. दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे. तिकडे मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे मोठे डेपो. आपण रोज या सगळ्याच्या बाजूनं जातो म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. नकाशावर बोट ठेवून लक्ष्य शोधणाऱ्याला मात्र हे ठिपके लगेच दिसतात. यादीत भुसावळचं नाव का होतं, याचं उत्तर याहून वेगळं शोधायची गरज नाही.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची दाट रांग लावतात. त्या रांगेला घड लागत नाही, तिला पाणी द्यावं लागतं, थोडी जागाही जाते. पण मे-जूनचं वादळ आलं की बाग आडवी होण्यापासून तीच वाचवते. आणि ती लावायची असते लागवडीच्या वेळी. वादळाची बातमी आल्यावर लावलेली शेवरी काही कामाची नसते. दुसऱ्या फळीचं गणित असंच आहे.

## १९६५ ची ती रात्र

या फळीचा उपयोग काय, हे ६ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पंजाबात दिसलं. पाकिस्ताननं पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या तीन हवाईतळांजवळ विमानांतून कमांडो उतरवले. प्रत्येक ठिकाणी साधारण साठ, म्हणजे एकूण सुमारे १८०. उत्तम शिकलेली, निवडक माणसं होती ती. तळावर अंधारात घुसायचं आणि उभी विमानं उडवून द्यायची, असा बेत होता.

बेत फसला. कमांडो उभ्या पिकांत विखुरले, त्यांचा एकमेकांशी संपर्क तुटला आणि उजाडताना गावकऱ्यांनी त्यांना हेरलं. शेतातली कुठली पायवाट कुठे जाते, या वेळी शिवारात कोण असतं आणि कोण नसतं, हे गावाला पाठ असतं. लोकांनी पोलिसांना खबर दिली, काही ठिकाणी स्वतः लाठ्याकाठ्या घेऊन पाठलाग केला. एनसीसीचे कॅडेटही अशा शोधपथकांत होते. बहुतेक कमांडो दोन-तीन दिवसांत पकडले गेले. परत जाऊ शकले ते मुख्यतः सीमेला जवळ असलेल्या पठाणकोटकडचे.

इथे थोडं थांबायला हवं. ही गोष्ट आपण बहुतेक वेळा शौर्यकथा म्हणून सांगतो आणि शौर्य त्यात आहेच. पण त्या लोकांनी हवाईतळ 'लढून' वाचवले असं नव्हे. त्यांनी परकी माणसं ओळखली आणि ती खबर वेळेत योग्य जागी पोचवली. दुसऱ्या फळीचं बहुतांश काम असंच असतं. बघायचं, ओळखायचं, कळवायचं आणि मदत येईपर्यंत जागा धरून ठेवायची.

१९७१ च्या डिसेंबरात भुजच्या हवाईतळावर बॉम्ब पडले आणि धावपट्टी फुटली, तेव्हा शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत ती दुरुस्त करून दिली. भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, धोका टळल्याचा भोंगा झाला की पुन्हा पाट्या उचलायच्या. वरून चटकन दिसू नये म्हणून हिरवी लुगडी नेसायला सांगितलं होतं. धावपट्टी पुन्हा विमानांच्या कामी आली. युद्धातली मदत म्हणजे बंदूक, हे समीकरण ज्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय त्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

## 'आधी' याला एवढं महत्त्व का?

इथे एक साहजिक शंका येते. पंजाबातल्या गावकऱ्यांना कुणी शिकवलं होतं? माधापरच्या बायकांनी कुठलं प्रशिक्षण घेतलं होतं? मग वेळ आली की लोक आपोआप उभे राहतात, असं का म्हणू नये?

लोक उभे राहतात, हे खरंच. १४ मे १९४० ला ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना स्थानिक संरक्षणासाठी नाव नोंदवायला सांगितलं. चोवीस तासांत अडीच लाख नावं आली, जुलैअखेर आकडा दहा लाखांच्या वर गेला. त्याच दलाला पुढे 'होमगार्ड' हे नाव मिळालं. माणसं आली, पण द्यायला रायफली नव्हत्या, गणवेश नव्हते. सुरुवातीला दंडावर नुसती पट्टी बांधून लोक पहारा देत होते. १९४१ मध्ये तर लोखंडी नळीला संगीन जोडून बनवलेले भाले पुरवण्यापर्यंत पाळी आली. हे दल उपयोगी ठरलं, पुढे त्यातल्या अनेकांनी विमानविरोधी तोफाही चालवल्या, पण ते घडायला वेळ लागला. तो वेळ ब्रिटनला मिळाला, कारण मध्ये समुद्र होता आणि जर्मन सैन्य उतरलंच नाही.

उलट ब्रिटननं जे आधी करून ठेवलं होतं ते पहिल्या दिवसापासून चाललं. १९२५ पासून तिथे ऑब्झर्व्हर कोअर नावाचं स्वयंसेवकांचं दल होतं. हातात दुर्बीण आणि टेलिफोन घेऊन ते आकाशातली विमानं मोजायचे. तेव्हाचं रडार समुद्रावरून येणारं विमान बघू शकायचं, पण ते किनारा ओलांडून आत आलं की त्याला दिसेनासं व्हायचं. तिथून पुढे विमान कुठे चाललंय हे हीच माणसं कळवत राहायची. पंधरा वर्षांची घडी बसलेली होती, म्हणून १९४० च्या हवाई लढाईत ती कामी आली.

दुसरं टोक जर्मनीचं. ऑक्टोबर १९४४ मध्ये, हरायची वेळ आल्यावर, १६ ते ६० वयाच्या उरल्यासुरल्या पुरुषांना 'फोल्क्सश्टुर्म' या दलात ओढलं गेलं. शिक्षण जवळजवळ नाही, हत्यारं अपुरी, आणि समोर रणगाडे. शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसं त्यात हकनाक मेली. ऐन वेळी उभारलेली फळी म्हणजे काय, याचं याहून दुःखद उदाहरण मला माहीत नाही.

अलीकडचं उदाहरण युक्रेनचं. २०१४ पासून तिथे स्वयंसेवकांच्या तुकड्या होत्या, पण प्रादेशिक संरक्षण दलांना नीट चौकट देणारा कायदा लागू झाला १ जानेवारी २०२२ ला. त्या थंडीत कीव्हच्या आसपास सामान्य लोक लाकडी बंदुका घेऊन सराव करत होते आणि त्यांचे फोटो जगभर छापून येत होते. २४ फेब्रुवारीला हल्ला झाला. म्हणजे हाती पुरते दोन महिनेसुद्धा आले नाहीत. तरीही गावातले पूल, रस्ते, चौक माहीत असलेली माणसं आधीच यादीवर होती, त्यांचा कमांडर ठरलेला होता. ही अर्धवट तयारीसुद्धा पहिल्या आठवड्यांत उपयोगी पडली. कायदा पाच वर्षं आधी झाला असता तर किती जीव वाचले असते, असं राहून राहून वाटतं.

पंजाबच्या गावकऱ्यांकडे प्रशिक्षण नव्हतं, पण खबर घेणारी चौकी होती. माधापरच्या बायकांना काम सांगणारा हवाईदलाचा अधिकारी होता आणि दगड-सिमेंट होतं. लोकांचा उत्साह ज्या यंत्रणेत ओतायचा ती आधीपासून जागेवर असावी लागते. नुसता उत्साह आयत्या वेळी रस्त्यावर गर्दी करतो आणि ॲम्ब्युलन्सची वाट अडवतो.

## आपल्याकडे हे कसं उभं राहिलं

होमगार्डची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ६ डिसेंबर १९४६ ला, दंगलींच्या काळात, तेव्हाच्या मुंबई प्रांतात मोरारजी देसाईंच्या पुढाकारानं हे दल उभं राहिलं. खान्देश तेव्हा त्याच प्रांतात होता. १९४७ मध्ये मुंबई होमगार्ड कायदा झाला आणि महाराष्ट्रातलं दल आजही त्याच कायद्यावर चालतं. १९६२ मध्ये चीननं आक्रमण केल्यावर केंद्रानं सगळ्या राज्यांना आपापली विखुरलेली स्वयंसेवी दलं एकत्र करून होमगार्ड या एका साच्यात आणायला सांगितलं. नागरी संरक्षणाचं केंद्रीय महासंचालनालयही त्याच वर्षी आलं. या कामाचं शिक्षण देणारी संस्था नागपूरला १९५७ पासून होती, ती पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली.

स्थानिक माणसांचं दल उभारायची कल्पना खान्देशात मात्र याहून बरीच जुनी आहे. १८१८ मध्ये कंपनी सरकारनं खान्देश घेतला, पण सातपुड्याच्या डोंगरांत त्यांच्या पलटणींचं काही चालेना. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्लांचीच एक पलटण उभी केली, खान्देश भिल्ल कोअर. ज्यांना वाटा माहीत, त्यांच्याच हाती पहारा. लष्करी डोकं म्हणून ही चाल हुशारीची होती. पण ती पलटण परक्या सत्तेच्या हुकमात होती आणि १८५७-५८ मध्ये खाज्या नाईकांनी याच डोंगरात कंपनीविरुद्ध उठाव केला तेव्हा भिल्लांसमोर भिल्ल उभे करण्याची सोय सरकारपाशी तयार होती. म्हणून स्थानिक दलाबद्दल बोलताना पहिला प्रश्न मी हाच विचारतो, त्याला हुकूम कोण देणार आणि तो देणारा कुणाला जबाबदार असणार?

## लोकांच्या हाती बंदूक द्यायची म्हणजे धोका नाही का?

धोका आहे, आणि तो आपण बघितलेला आहे. छत्तीसगडमध्ये माओवाद्यांविरुद्ध आदिवासी तरुणांना 'विशेष पोलीस अधिकारी' म्हणून तुटपुंज्या मानधनावर, जेमतेम प्रशिक्षण देऊन बंदुका दिल्या गेल्या. गावं दुभंगली, माणसं मारली गेली. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं असा वापर घटनाबाह्य ठरवला. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या आपण हा निकाल लक्षात ठेवायला हवा. गरीब पोराच्या हातात बंदूक देऊन त्याला सगळ्यात पुढे उभं करणं, याला दुसरी फळी म्हणत नाहीत.

फरक कुठे पडतो? आंतरराष्ट्रीय कायद्यानं यासाठी सोप्या कसोट्या घालून दिल्या आहेत. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार स्वयंसेवी दलातल्या माणसाला पकडल्यावर युद्धकैद्याचे हक्क हवे असतील, तर त्या दलाला जबाबदार प्रमुख असावा, लांबून ओळखू येईल अशी खूण असावी, शस्त्र उघडपणे बाळगलेलं असावं आणि युद्धाचे नियम पाळले जावेत. नागरी संरक्षणाची खूण वेगळी आहे, केशरी रंगावर निळा त्रिकोण. ती खूण सांगते की हा माणूस लढायला आलेला नाही, वाचवायला आलेला आहे.

म्हणून गावातल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर गट करून 'संरक्षण दल' काढणं आणि रात्री वाटसरूंना अडवून ओळखपत्रं मागणं अत्यंत घातक आहे. अफवेच्या एका रात्रीत निरपराध माणसाचा जीव जातो. २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी समजून धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावानं ठार केलं, ते आपण विसरलेलो नाही. कायद्याची चौकट, नोंदणी, वर्दी आणि वरचा अधिकारी नसेल तर ते दल नव्हे.

## ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या काळात काठीवाला काय करणार?

८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्ताननं लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन सोडले, असं भारत सरकारनं सांगितलं. ते पाडायचं काम हवाई संरक्षण दलाचंच. पण पाडलेला ड्रोनसुद्धा कुठे तरी पडतो. तिथे आग लागते, लोक मोबाइल काढून जवळ जातात, न फुटलेला स्फोटक भाग कुणी तरी घरी घेऊन जायला निघतो. गर्दी मागे हटवणं, जागा दोरी लावून बंद करणं, जखमीला उचलणं, पुढच्या दहा मिनिटांतली ही कामं सैन्य करू शकत नाही. ती गल्लीतल्या माणसानंच करायची असतात.

बघून कळवण्याचं कामही संपलेलं नाही. युक्रेननं ऑक्टोबर २०२२ मध्ये एक मोबाइल ॲप आणलं. नागरिकाला ड्रोन किंवा क्षेपणास्त्र दिसलं की फोन त्या दिशेला धरायचा आणि बटण दाबायचं, माहिती थेट हवाई संरक्षणाकडे जाते. फार खालून उडणारी वस्तू रडारला आजही चुकवते. शंभर वर्षांपूर्वी दुर्बीण घेतलेला माणूस जे करत होता, तेच आता फोन करतोय.

## खान्देश सीमेपासून लांब, मग एवढी यातायात कशाला?

लांब आहे, म्हणूनच कारखाने आणि डेपो इथे आहेत. शिवाय दुसरी फळी युद्धाची वाट बघत बसून राहत नाही. तापी-पांझरेचा पूर, रेल्वेचा अपघात, जिनिंगमधली आग, यात्रेतली चेंगराचेंगरी, या सगळ्यांत हीच माणसं लागतात. पुरात बोटीवर काम केलेला स्वयंसेवक हल्ल्याच्या दिवशी गोंधळत नाही. शांततेतल्या कामानंच त्याचा सराव होत राहतो.

## होमगार्डला तर नुसता बंदोबस्तच मिळतो!

ही तक्रार खरी आहे आणि ती मला मनापासून टोचते. गणपती, नवरात्र, सारंगखेड्याची यात्रा, निवडणूक, दहावीची परीक्षा, जिथे पोलीस कमी तिथे होमगार्ड. भर उन्हात चौकात उभ्या असलेल्या होमगार्डकडे लोक वळूनही बघत नाहीत, दुचाकीवाले तर उद्धटपणे बोलतात. त्याच्या दलाचं ब्रीद 'निष्काम सेवा' आहे, पण घरी चूल पेटवायची तर भत्ता लागतोच. होमगार्डला पगार नसतो. बोलावलं त्या दिवसाचा कर्तव्य भत्ता मिळतो आणि बोलावणं वर्षभर नसतं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की होमगार्ड हे नियमित कर्मचारी नसले, तरी त्यांचा भत्ता असा असावा की तीस दिवसांचा हिशेब पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका व्हावा. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये रोजचा भत्ता जवळपास दुप्पट करून १०८३ रुपये केला. हे चांगलं झालं. पण भत्ता वेळेवर खात्यात पडणं आणि वर्षात पुरेसे दिवस काम मिळणं, हे प्रश्न शिल्लक आहेत.

त्याहून मोठा प्रश्न प्रशिक्षणाचा. साप्ताहिक कवायत ही शिस्तीसाठी चांगली, पण तेवढ्यावर कुणी ढिगाऱ्यातून माणूस काढायला किंवा रक्तस्राव थांबवायला शिकत नाही. भुसावळसारख्या शहरात होमगार्ड पथक, रेल्वेचे आणि आयुध निर्माणीचे कर्मचारी, नगरपालिकेचं अग्निशमन आणि कॉलेजातले एनसीसी कॅडेट यांचा एकत्र सराव दर सहा महिन्यांनी व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. मे २०२५ चा सराव हा वर्षानुवर्षांच्या खंडानंतरचा होता. पुढचा कधी, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हवं.

## नाव कुठे नोंदवायचं आणि घरात काय माहीत असावं

होमगार्डची नोंदणी जिल्ह्याच्या समादेशक कार्यालयामार्फत होते. जाहिरात निघाली की अर्ज करायचा. वय २० ते ५०, दहावी उत्तीर्ण आणि शारीरिक पात्रता लागते. पुरुष आणि महिला दोघांनाही जाता येतं. तीन वर्षं सेवा केलेल्यांना पोलीस भरतीत ५ टक्के आरक्षण आहे, भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी याकडे लक्ष द्यावं. प्रादेशिक सेनेचे भरती मेळावे वेगळे जाहीर होतात. नागरी संरक्षणाचा स्वयंसेवक व्हायचं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी निदान भोंग्याची भाषा घरात सगळ्यांना सांगून ठेवावी. आवाज खालीवर होत दोन मिनिटं वाजला तर धोका आहे. दिवे घालवायचे, गॅस बंद करायचा, खिडक्यांपासून लांब, आतल्या भिंतीलगत बसायचं. दोन मिनिटं एकसारखा, सलग वाजला तर धोका टळला. गच्चीवर चढून बघायला जायचं नाही आणि कुठल्या गाड्या कुठे चालल्यात याचे व्हिडिओ तर मुळीच टाकायचे नाहीत. म्हाताऱ्या माणसांची औषधं, टॉर्च, दोन दिवसांचं पाणी आणि महत्त्वाचे कागद एका पिशवीत असावेत. गल्लीत एकटं कोण राहतं आणि अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, याची यादी आपल्या नगरसेवकाकडे किंवा पोलीस पाटलाकडे आहे का, ते याच आठवड्यात जाऊन विचारा. नसेल तर चार जणांनी बसून ती तासाभरात करता येते.